तिळवे झेरॉक्स, वरचा बाजार, फोंडा

चवथीला अकरा दिवस. या दिवसांत कागद सर्दावतो,
रीम उघडली की आधी बल्बखाली धरावी लागते,
नाहीतर यंत्र दोन-दोन पानं गिळतं
आणि शिव्या मला बसतात.

सकाळी एर्मेलिंदाबाई आल्या,
छत्री बाहेरच्या बादलीत, चष्म्यावर वाफ.
"बेचाळीस प्रती, तिळवे. खात्यावर मांडा."
खात्यावर आधीच अकराशे चाळीस.
नागरी हक्क समिती: सभासद पाच,
त्यांतले एक अंथरुणाला खिळलेले.

मी वाचत नाही सहसा.
गहाणखत, घटस्फोट, लघवीचा रिपोर्ट,
सगळं काचेवर पालथं पडतं
आणि पालथंच निघून जातं.
पण तिसाव्या प्रतीला यंत्र अडकलं
आणि चुरगळलेलं पान ओढताना वाचलं गेलं:

हुसेनसाब नदाफ, मूळ तालुका इंडी, धंदा गाद्या भरणे,
याला मंगळवारी रात्री नेलं.
डायरीत नोंद शनिवारची.
मधले दिवस तो कुठे होता, ते लिहून द्यावं.

एवढंच.
त्यानं देवळातली समई चोरली नाही, असं त्यात नव्हतं.
चोरली, असंही नव्हतं.
दिवस मागितले होते, पावती मागतात तसे.

शाळा सोडली त्या वर्षी, भाषेच्या दंग्यात,
मलाही एक रात्र ठेवलं होतं.
आई फाटकाशी आली तर म्हणाले,
तिळवे नावाचा कोणी नाही इथे.
आतून मला तिचा खोकला ऐकू येत होता.

दुपारी बाजार तापला.
"देवाची समई गेली, आनी हांकां भायल्याची काळजी!"
पातळभाजीत पाव बुडवत दामू लोटलीकर म्हणाला,
"परदेशातून पैसा येतो रे त्यांना, पोत्यांनी."
मी खात्याची वही मिटून
तिच्यावर पंच ठेवला.

संध्याकाळी समितीच्या पाटीवर शेण.
पाटी वर, खाली शिंप्याचं दुकान,
तोच सगळ्यांत जास्त भांडला:
माझ्या शटरवर ओघळलं, कोण धुणार?
एर्मेलिंदाबाईंनी बादली मागितली. माझ्याकडची नेली,
छत्र्यांची.

शटर ओढता ओढता दामूचा पुतण्या आला,
पत्रक घेऊन. पाचशे प्रती, रोख.
"देशद्रोह्यांची पाठराखण करणारी
नागरी हाक समिती चालती हो!"
हक्काचा एक क खाल्ला होता.
पेन्सिल माझ्या कानावरच होती.
काही बोललो नाही. पाचशे काढल्या.

घरी बायकोनं विचारलं, दोघांचंही काढलंत?
म्हटलं, यंत्र एकच आहे.
तिनं पेज वाढली. मीठ घालायला विसरली,
किंवा विसरली नसेल.

समई अजून सापडलेली नाही.
नदाफ सोमवारी सुटला, डाव्या हातानं जेवतो म्हणतात.
आता पडताळणीचा फॉर्म नवीन भरायचा,
म्हणून त्याची बायको आली, आधारकार्डाच्या दोन प्रती.
पदराच्या गाठीतून नाणी मोजून ठेवली,
एक रुपया जास्त. परत दिला तर घेतला नाही,
की समजलं नाही तिला, माझं मराठी तिला कळत नाही नीट.
मीही विचारलं नाही काही. विचारायचं काय होतं?
ती दिवस बरे आहेत का?

ती गेल्यावर काचेवर
कापसाचा एक तंतू राहिला होता, तिच्या बाहीचा.
त्या दिवशीच्या प्रत्येक प्रतीवर
एक बारीक वाकडी रेघ उमटली,
समितीच्या अर्जावर, दामूच्या जादा दोनशे पत्रकांवर,
गणपती मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांवर.

मला दिसत होती.

गुरुवारी पुसली काच.
गिऱ्हाईक कुरकुरत होतं,
पोराच्या जन्मदाखल्यावर केस आलाय म्हणून.